रीफ टँकमध्ये दर जूनला परत येणारं शेवाळ: फॉस्फेटचा माग

रीफ टँकमध्ये, म्हणजे मासे आणि प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत, दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ चढतं. तुम्ही ते उपटता, पाणी बदलता, फॉस्फेट (शेवाळाचं खाद्य) शोषणारं माध्यम लावता. आकडा खाली येतो, आठ दिवस बरे जातात, आणि महिन्या-दीड महिन्यात टँक पुन्हा पावसाळ्यातल्या बांधासारखा हिरवा होतो. माझ्या घरी हे तीन वर्षं चाललं. दर वेळी जूनमध्ये, आणि दोनदा दिवाळीनंतरही. या काळात मी केलेला बराचसा खर्च चुकीच्या जागी गेला. ज्यांच्याकडे हाच प्रकार चालू आहे त्यांचे पैसे आणि मासे वाचावेत म्हणून सगळं आकड्यांसह लिहिते आहे.

टँक चार बाय दीड बाय दीड फुटांचा आहे. खालचा संप (गाळणीची टाकी) धरून आणि दगड-वाळूची जागा वजा करून साधारण २०० लिटर पाणी भरतं. क्लाउनफिशची जोडी, एक डॅमसेल, एक ब्लेनी. प्रवाळ सगळे मऊ प्रकारचे: झोअँथिड, मशरूम, लेदर. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून उचलून आणलेला प्रवाळ किंवा त्याचे तुकडे चिकटलेला 'लाइव्ह रॉक' (समुद्रातला, जीव वसलेला दगड) कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. माझे १८ किलो दगड सुक्या बेस रॉकचे आहेत. या दगडांकडे पुढे परत यायचं आहे, कारण सगळी गोम तिथंच निघाली.

आधी शेवाळ ओळखा

काचेवर आणि वाळूवर तपकिरी भुकटी बसली असेल तर ते डायटम. नव्या टँकमध्ये येतात, सिलिकेट संपलं की जातात. लालसर-जांभळी साय चादरीसारखी उचलली जात असेल तर ते सायनोबॅक्टेरिया. हिरवे केस म्हणजे हेअर अल्गी, आणि त्याच केसांना पिसासारख्या फांद्या असतील तर ब्रायोप्सिस, जो नुसतं फॉस्फेट उतरवून सहसा हटत नाही. तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यांत अडकलेले बुडबुडे, दुपारी भरपूर आणि रात्री गायब, असं दिसलं तर ते डायनोफ्लॅजेलेट. त्यांच्यावरचा इलाज हेअर अल्गीच्या अगदी उलटा आहे, म्हणून ही ओळख चुकली की सगळंच चुकतं. मी एकदा चुकवली आहे.

माझ्याकडे पहिल्या वर्षी साधी हेअर अल्गी होती. हॅना कंपनीच्या एचआय ७३६ चेकरवर, म्हणजे मोजणीच्या छोट्या यंत्रावर, आकडा आला ७८. हा आकडा फॉस्फेटचा नसतो. हे यंत्र फॉस्फरस दाखवतं, तेही पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती भाग). त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मिळतं. म्हणजे ७८ म्हणजे ०.२४ पीपीएम. बरेच जण ते ०.७८ समजतात आणि घाबरून दुप्पट औषध टाकतात. घरच्या रीफ टँकसाठी ०.०३ ते ०.१० मध्ये राहिलं तरी पुरेसं आहे.

मोजताना काचेची कुपी दोन्ही वेळा (आधी नुसत्या पाण्याला, मग रसायन घातल्यावर) तीच वापरा, बाहेरून सुती कापडाने पुसा आणि आत बुडबुडा चिकटलेला नाही ना ते बघा. आम्ही हे दर रविवारी सकाळी, दिवे लागायच्या आधी करतो. आकडा एकेकटा वाचू नका. चार रविवारांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिलेत तरच ते काही सांगतात.

पहिला संशय पाण्यावर

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. नवतपात तर दुपारी खिडकीची जाळीसुद्धा हाताला चटका देते. टँक २६-२७ अंशांवर ठेवायला पाण्यावर पंखे लावावे लागतात, आणि त्या पंख्यांमुळे रोज सहा-सात लिटर पाणी उडून जातं. (डेझर्ट कूलर त्याच खोलीत लावू नका. खोलीतली आर्द्रता वाढते आणि टँकवरच्या पंख्याचा उपयोग बराच घटतो.) उडतं ते फक्त पाणी, त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. उडालेल्याच्या जागी रोज घातलेल्या, म्हणजे टॉप-अपच्या पाण्यात थोडंसं जरी फॉस्फेट असेल तर ते साठत जाणार. उन्हाळा संपता संपता शेवाळ येतं, त्याचं कारण हेच, असं मी ठरवून टाकलं.

मी टॉप-अपला स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरत होते. नळाचं पाणी आमच्याकडे २०० टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या मापाच्या) आसपास, बोअरचं ७०० च्या वर, आणि या आरओचं ६२. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो न गाळलेल्या पाण्याची थोडी धार गाळलेल्यात परत मिसळतो. पिण्यासाठी ते ठीक आहे, रीफसाठी नाही. मी वेगळा मेंब्रेन बसवला, पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं जोडलं, टीडीएस शून्यावर आणला. पुढच्या जूनमध्ये शेवाळ परत आलं.

हिशेब आधी करायला हवा होता, तो तेव्हा केला. जुन्या आरओच्या पाण्यात मीठ कालवून दुसऱ्या दिवशी मोजलं: १३ पीपीबी, म्हणजे ०.०४ पीपीएम. रोजचे सहा लिटर धरले तर त्यातून दिवसाला पाव मिलिग्रॅमपेक्षाही कमी फॉस्फेट टँकमध्ये जात होतं. महिन्याचं सात मिलिग्रॅम. २०० लिटरमध्ये ते ०.०४ पीपीएमसुद्धा होत नाही. ०.२४ चं शेवाळ त्यातून उगवणार नव्हतं.

तरी डीआय बसवल्याचा पश्चात्ताप नाही. आपल्याकडचा बराच भाग काळ्या बसाल्टवर आहे, आणि असल्या खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असते. साधा टीडीएस मीटर ती जवळजवळ दाखवत नाही, आणि रेझिन थकायला लागलं की आधी तीच निसटते. मीटर शून्य दाखवतोय आणि काचेवर तपकिरी भुकटी परत धरते आहे, असं झालं तर रेझिन बदला.

दुसऱ्या वर्षी शून्य गाठलं, ते महागात पडलं

दुसऱ्या जूनला मी जीएफओ लावलं. हे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे. पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायलाही असंच माध्यम वापरतात, कारण आर्सेनेट आणि फॉस्फेट दोन्ही त्याला घट्ट चिकटतात. पाकिटावरची पूर्ण मात्रा, दाण्यांमधून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये भरली. नऊ दिवसांत ०.२६ वरून ०.०० वर आणलं. लेदर मिटला तो उघडेना, झोअँथिड आक्रसले. नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं दुसरं खाद्य, आधीच शून्याजवळ होतं. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी धागे दिसायला लागले, त्यांना बुडबुडे लटकलेले. मी त्यांना डायटम समजले आणि जीएफओ तसंच चालू ठेवलं. पाच गोगलगायी मेल्या.

शेवटी एका ओळखीच्या प्राध्यापिकेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघितला. थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाला बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरत होत्या. ऑस्ट्रिओप्सिस. हे डायनोफ्लॅजेलेट विषारी असतात, गोगलगायी त्यामुळेच गेल्या. सूक्ष्मदर्शक मिळत नसेल तर घरी ढोबळ चाचणी करता येते: धागे बाटलीत घेऊन जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा, गाळलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. पुन्हा धागे जमले तर डायनो असण्याची शक्यता दाट.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले की डायनोंशी स्पर्धा करणारे बाकीचे सूक्ष्म जीव मागे पडतात आणि डायनोंना रान मोकळं मिळतं. मी जीएफओ काढलं, सोडियम नायट्रेट मोजून टाकून नायट्रेट ५ पीपीएमवर आणलं, खाणं वाढवलं, तीन दिवस टँक झाकून अंधार केला आणि पाणी अतिनील किरणांतून नेणारा यूव्ही दिवा लावला. ऑस्ट्रिओप्सिस रात्री पाण्यात तरंगायला येतो, म्हणून यूव्ही त्याच्यावर चालतो. वाळूतच राहणाऱ्या अँफिडिनियमवर (डायनोंचाच दुसरा प्रकार) तो फारसा चालत नाही. पाच आठवडे गेले. शेवाळ परवडलं, डायनो नको, हे मी अगदी मनापासून सांगते.

आणि हिरव्यागार टँकमध्ये आकडा शून्य दिसत असेल तर आनंद मानू नका. शेवाळ फॉस्फेट खाऊनच वाढतं. चेकर फक्त खाऊन उरलेलं दाखवतो.

वही

तिसऱ्या वर्षी जानेवारीपासून वही घातली. दर रविवारी फॉस्फेट, नायट्रेट, पाण्याचं तापमान, किती पाणी घातलं, काय बदललं, घरात कोण आलं-गेलं. शेवटचा रकाना सहज म्हणून आखला होता, उत्तर त्यातच निघालं.

एप्रिलअखेर आकडा ०.०८ होता. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून चढायला लागला: ०.११, ०.१५, ०.१९. त्याच आठवड्यात ताईची तिन्ही मुलं पुण्याहून सुट्टीला आली होती. "मावशी, मी देऊ?" हे दिवसातून सहा वेळा ऐकायचे आणि हो म्हणायचे. कोणती मावशी नाही म्हणेल? दिवाळीत आम्ही गावी जातो तेव्हा शेजारच्या काकू मासे सांभाळतात. त्या फार जीव लावतात. मासा काचेजवळ येऊन तोंड उघडतो तेव्हा तो उपाशी आहे असंच त्यांना वाटतं, आणि सहा दिवसांत फ्लेकचा अर्धा डबा संपतो.

फ्लेकची चिमूट सराफी काट्यावर तोलली. माझी चिमूट ०.२ ग्रॅम भरली. माशांच्या सुक्या खाण्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो, म्हणजे १ ग्रॅम खाण्यात फॉस्फेट झालं ३० मिलिग्रॅम. एरवी मी दिवसाला दोन चिमट्या देते: ०.४ ग्रॅम, १२ मिलिग्रॅम. मुलांच्या सहा चिमट्या धरून ते झालं १.६ ग्रॅम, जवळपास ४९ मिलिग्रॅम. सगळं पाण्यात उरलं असतं तर एका दिवसात २०० लिटरमध्ये ०.२४ पीपीएम. सगळं उरत नाही, काही माशांच्या अंगी लागतं, काही स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काढतो. पण ज्या टॉप-अपच्या पाण्यावर मी दोन उन्हाळे घालवले त्याच्याशी हे ताडून बघा: पाव मिलिग्रॅम कुठे आणि ४९ कुठे.

गोठवलेल्या खाण्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. मायसिस किंवा ब्राइन श्रिंपचा तुकडा वितळवून वरचं पाणी ओतून दिलं की फॉस्फेट गेलं, असं मानतात. फॉस्फेट मुख्यतः त्या जिवाच्या मांसातच असतं, वितळलेल्या पाण्यात थोडंच. धुतलंत तर बिघडत काहीच नाही, पण धुतलंय म्हणून दोन तुकडे टाकू नका.

मुलं गेली तरी आकडा का उतरत नाही

मला सगळ्यात जास्त छळलं ते या कोड्यानं. मुलं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत गेली. खाणं मोजून देते आहे. २० टक्के पाणी बदललं: ०.२४ वरून ०.१९. तिसऱ्या दिवशी मोजलं, ०.२३.

बेस रॉक आणि वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात फॉस्फेट वाढलं की ते या पृष्ठभागावर चिकटतं, पाण्यात कमी झालं की सुटून परत पाण्यात येतं. मे महिन्यात दगड भरत राहिले होते आणि जूनपासून सोडत होते. पाणी बदलून मी फक्त पाण्यातला वाटा काढत होते. आपल्याकडच्या तलावांचंही असंच होतं. नागपूरच्या अंबाझरी तलावात जलपर्णी काढतात आणि ती पुन्हा वाढते. सांडपाणी येत राहतं हे एक कारण आहेच, पण तलावशास्त्र असंही सांगतं की सांडपाणी बंद केल्यावरही तळाचा गाळ साठवलेलं फॉस्फरस वर्षानुवर्षं सोडत राहतो.

दगड सोडताहेत की नाही हे तपासायला दोन बादल्या पुरतात. दोन्हींत डीआयच्या पाण्यात मीठ कालवून १०-१० लिटर भरा, एकीत तीन किलो दगड ठेवा, दुसरी नुसती. दोन्हींत छोटा पंप, वर झाकण, अंधार. आठवड्याने दोन्ही मोजा. माझ्या नुसत्या बादलीत ०.०१ आलं, दगडाच्या बादलीत ०.३१. दगडावरचे छोटे जीव मेले तर त्यांचंही थोडं येतं, म्हणून पाणी बदलून दुसऱ्या आठवड्याचा आकडाही घ्या. माझा ०.२७ आला, मग शंका उरली नाही.

काय केलं

पहिलं काम खाण्याचं. आईच्या औषधांसाठी सात खणांची डबी होती, सोम ते रवि लिहिलेली. तशीच एक नवी आणली. रविवारी रात्री प्रत्येक खणात ०.४ ग्रॅम भरून ठेवते. मुलं आली की तिघांनी वाटून त्या दिवसाचा खण संपवायचा, काकूंकडेही तीच डबी जाते. मोठा डबा कपाटात. आजपर्यंतच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त लागू पडलेला. मुलांनाही तो आवडला. धाकटा सकाळी उठल्या उठल्या आज कोणता वार ते विचारतो.

दुसरं, गाळाचं. संपमधला फिल्टर सॉक (कापडी गाळणी) दर तिसऱ्या दिवशी बदलते. त्यात अडकलेली विष्ठा आणि खाणं आठवडाभर तिथंच कुजू दिलं तर गाळण्याला अर्थ उरत नाही. संपच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा (मुद्दाम वाढवायचं शेवाळ, फॉस्फेट उचलायला) वाढवली आहे, रात्री दिवा, दिवसा अंधार. महिन्यातून एकदा मूठभर काढून टाकते. तिला नायट्रेटही लागतं. नायट्रेट शून्य असेल तर ती फॉस्फेटही उचलत नाही.

तिसरं, जीएफओ, पण या वेळी पाकिटावरच्या मात्रेच्या पाव. लावण्याआधी डीआयच्या पाण्यात तांबडी भुकटी यायची थांबेपर्यंत धुवायचं, दाणे हलकेच थरथरतील एवढाच प्रवाह ठेवायचा. जोरात घुसळले की दाण्यांचं पीठ होतं. आठवड्याला ०.०५ पेक्षा जास्त उतरलं तर रिअ‍ॅक्टर दोन दिवस बंद. माध्यम कधी बदलायचं ते तारखेवरून ठरवू नका. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर येणारं पाणी आणि टँकचं पाणी दोन्ही मोजा, आकडे सारखे आले की दाणे संपले.

चौथं दगडांचं, याला सर्वांत जास्त वेळ लागतो आहे. सगळे दगड एकदम काढले तर त्यांवरचे उपयुक्त जिवाणूही जातात, म्हणून एका वेळी सहा किलो. प्रवाळ नसलेले दगड बाल्कनीतल्या बादलीत, मिठाच्या पाण्यात, पंप लावून, झाकून. त्यात लँथॅनम क्लोराइड थेंबाथेंबाने. लँथॅनम फॉस्फेटला धरून पांढरा गाळ बनवतं, पाणी दुधाळ होतं, दुसऱ्या दिवशी ते ओतून नवं भरायचं. आठवडाभर काही न टाकता आकडा ०.०५ खाली राहिला की स्वच्छ पाण्यात खळबळून दगड टँकमध्ये परत. हे द्रव थेट टँकमध्ये टाकणारे लोक आहेत, पण तो बारीक गाळ कल्ल्यांत जातो, टँग माशांना विशेष त्रास होतो, आणि अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) उतरते. मी ते बादलीबाहेर वापरत नाही.

झोअँथिड किंवा पॅलिथोआ चिकटलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याखाली धरू नका, कोरडा घासू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. त्याच्या वाफेने आणि तुषारांनी जगभर घरंच्या घरं दवाखान्यात पोचली आहेत. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकला. मुलं आणि कुत्री-मांजरी त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

उगवलेलं शेवाळ हातानेच काढावं लागतं. निघेल तो दगड टँकच्याच पाण्याच्या बादलीत घेऊन टूथब्रशने घासा. न निघणाऱ्या दगडावर एका हाताने उपटा आणि दुसऱ्या हातात सायफनची नळी तिथंच धरा, पंप बंद ठेवून. नाहीतर तुटलेले तुकडे जिथं पडतील तिथं रुजतात. गोगलगायी आखूड शेवाळ छान खातात, बोटभर लांब केसांना सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आधी कापणी, मग गोगलगायी. त्यांना क्षारतेतला फरक सोसत नाही. नव्या आणल्यावर थेंबथेंब पाणी देत दोन तास तरी घ्या.

फॉस्फेट ठिकाणावर आल्यावरही शेवाळ लगेच जात नाही. माझ्याकडे सहा आठवडे काहीच हललं नाही. मग एका आठवड्यात टोकं पांढुरकी झाली आणि ओढलं की बुडासकट निघायला लागलं. त्या सहा आठवड्यांत जीएफओ वाढवण्याचा मोह फार होतो. वाढवू नका.

या वर्षी मुलं २२ दिवस राहून गेली. ती गेल्यानंतरच्या रविवारी आकडा ०.०९ होता, नायट्रेट ६. मागच्या कोपऱ्यात, प्रवाह पोचत नाही तिथं, अजून हिरवे केस आहेत, तिथला पंप थोडा वळवून बघते आहे. दगडांच्या दोन खेपा टँकमध्ये परत गेल्या आहेत. तिसरी बाल्कनीत आहे, पाणी चौथ्यांदा बदललं, कालचा आकडा ०.११.